चार काठ्या, एक पान

हिवरदऱ्यात पिठाची गिरणी एकच, अन् ती बिभीषणाची. गावात कोणाच्या घरी काय शिजणार हे आधी गिरणीत कळतं, कारण शिजायच्या आधी ते दळावं लागतं. बाजरीच्या जागी एकदम गव्हाचा डबा आला, की पाहुणे येणार. हरभऱ्याची डाळ पोत्यानं आली, की कार्य निघालं. अन् एखाद्या घरचा डबा यायचाच बंद झाला, की ते बिऱ्हाड कोयता घेऊन उसावर गेलं. बिभीषणाला कोणाला इचारावं लागत नाही. भुवया पांढऱ्या करून तो पट्ट्यापाशी उभा असतो, चिमटीत पीठ घेऊन बघतो, अन् गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय लागल्यामुळं गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलतो. त्याची बायको केशरबाई म्हणते, या माणसानं कानात काही सांगितलं तरी वेशीपर्यंत जातं.

असल्या मोठ्या गळ्याच्या माणसाकडं गावानं काम मात्र हळू बोलायचं दिलेलं. ते त्याच्या बापाकडून आलं.

हिवरदरा पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. चैत्रात उसाचे कोयते घरी परतले, की भैरोबाची जत्रा भरते. जत्रेचा जीव काठीत. काठी म्हणजे उंच बांबू, त्याला अंगभर रंगीत फडकी, शेंड्याला मोरपिसांचा कुंचा. वरची आळी, खालची आळी, वेशीची आळी अन् मळेकरी, अशा चौघांच्या चार काठ्या. चारी काठ्या चार वाटांनी वाजतगाजत देवळाकडं येतात अन् कळसाला टेकतात. ज्याची काठी आधी टेकली त्याचा मान पहिला. आता यावर डोकी फुटायला कितीसा वेळ लागतो? पण हिवरदऱ्यात फुटत नाहीत, त्याला कारण बिभीषणाचं घर.

गिरणी गावाच्या मधोमध. तिथल्या घराची स्वतःची काठी नाही. म्हणून जत्रेच्या आधी चारी ठिकाणी सुपारी घेऊन जायचं काम त्या घराला. बिभीषण वरच्या आळीत जातो, सुपारी ठेवतो अन् त्याला जमेल तितक्या हळू आवाजात सांगतो, "औंदा काठीला तुमी म्होरं." मग खालच्या आळीत जातो. "औंदा काठीला तुमी म्होरं." वेशीला तेच, मळ्यात तेच. जत्रेच्या दिवशी गुलाल एवढा उधळतो अन् हलगी एवढी कडाडते, की चारी काठ्या कळसापाशी एकमेकींत मिसळतात अन् ज्याला त्याला आपलीच आधी टेकलेली दिसते. दुसऱ्या आळीतले काही वेगळं बोलले, तर माणसं म्हणतात, बोलू दे, आपल्याला ठाऊक हाय. सगळ्यांना थोडंथोडं सगळंच ठाऊक असतं. कोणी इचारत नाही, एवढंच.

डोंगरापलीकडच्या एका गावात इचारलं गेलं. तिथं आता एका दिवशी दोन जत्रा भरतात. दोन मांडव, दोन भोंगे. पैलवान गावात आले, की त्यांना आपली कुस्ती कोणत्या आखाड्यात तेच कळत नाही. बिभीषण एकदा ते बघून आला अन् दोन दिवस गप्प होता. दोन दिवस तो गप्प राहिला हे गावाला गिरणीतच कळलं. त्याला आयुष्यात कशाची भीती असेल तर तेवढीच. आपल्या हयातीत हिवरदऱ्याची जत्रा फाटू नये.

मोबाईलातली वही त्याला सुनेनं दिली. सून धनश्री अन् मुलगा अजिनाथ केडगावात राहतात, शनिवारी गावाकडं येतात. धनश्री नगरच्या एका कंपनीत कामाला. तिथं सगळी माणसं एकाच वहीत लिहितात, ती वही कोणाच्या टेबलावर नसते, सगळ्यांच्या मोबाईलात असते. जत्रा कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदा तिनं बघितला अन् तिला हसूच आवरेना. पाण्याच्या टँकरचं कोणी बघायचं, या प्रश्नावर सुप्रभातची फुलं पडली होती, फुलांवर वाढदिवसाचे केक, अन् त्याखाली कोणी तरी हरवलेल्या शेळीचा फोटो टाकलेला.

"मामा, असं न्हाई चालत," ती म्हणाली. "प्रत्येक कामाला एक पान करू. ज्याला जे करायचं त्यानं त्या पानावर लिहायचं. हवी तेवढी पानं, हवी तशी मांडायची. वर फुलं पडत नाहीत."

"आन् माझं सोताचं काय लिवायचं आसंल तर?"

"तुमचं वेगळं पान. ते कोणाला दिसणार न्हाई."

बिभीषणाला हे दुसरंच आधी पटलं. मोबाईलला पीठ लागू नये म्हणून त्यानं तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातला अन् पिशवीवरूनच एका बोटानं लिहायला लागला. कोणाचं दळण कसं पाहिजे, ते त्याला तोंडपाठ होतं. ते लिहिलं नाही. जे डोक्यात राहत नव्हतं ते लिहिलं. "शेवग्याला पानी." "पट्ट्याची क्लिप पाथर्डीहून आनने." "केशरची बीपीची गोळी. घेतली का इचारू नये, राग येतो. पानी भरून पुढं ठिवावं." "अजिनाथला फोनवर पगार इचारू नये." असली त्याची वही.

केशरबाईनं पाण्याचा तांब्या पुढं आलेला बघून काही दिवसांनी इचारलं, "ह्ये तुमाला कोन सांगतं रोज?"

"वही सांगती."

"चाळीस वर्सं संसार केला तवा वही नव्हती, म्हनून तांब्याबी नव्हता व्हय?"

बिभीषणानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण दुसऱ्या दिवशी तांब्याबरोबर गुळाचा खडाही ठेवला.

जत्रेचं पानही बघता बघता रुळलं. कमिटीची माणसं कुठं कुठं पांगलेली. खालच्या आळीचा गहिनीनाथ टोळी अन् ट्रॅक्टर घेऊन कर्नाटकाच्या हद्दीजवळ उसात. वेशीच्या आळीची रंगुबाई बचत गटाच्या कामानं रोज तालुक्याला. वरच्या आळीचे काकासाहेब, माजी सरपंच, कडक इस्त्रीचे, ते मात्र कायम गावात अन् कायम मोकळे. आधी यांची बैठक म्हणजे सगळे जमेपर्यंत अर्धे उठून जायचे. आता गहिनीनाथ उसाच्या फडातून लिहायचा, "टँकर माज्याकडं. बोललोय." रंगुबाई लिहायची, "मांडववाल्यानं मागल्या साली भोकाची ताडपत्री दिल्ती. औंदा आधी बगून घ्यावी." काकासाहेब प्रत्येक पानाच्या खाली लिहायचे, "योग्य आहे." ज्याचा त्यांच्याशी संबंध नाही त्याच्याखालीही योग्य आहे. गिरणीत दळण टाकता टाकता बिभीषण पिशवीतून सगळं वाचायचा अन् त्याला वाटायचं, गाव असं बसल्या जागी चालतंय हे बापानं बघायला पाहिजे होतं.

मग धनश्रीनं काठीचं पान केलं.

तिचा काय दोष? मांडवाचं केलं, पाण्याचं केलं, हगाम्याचं म्हणजे कुस्त्यांचं केलं, प्रसादाच्या शेरणीचं केलं. काठीचं राहिलं होतं. तिनं एक तक्ता मांडला. चार काठ्या, चार ओळी, कोण वाजंत्री आणणार, कोण फडकी शिवणार. पण तक्त्याला वर-खाली असतं. एक ओळ वर येणारच. त्या दिवशी तिला गहिनीनाथाचा फोन आलेला, म्हणून तिनं खालची आळी आधी भरली, अन् ती वर बसली. बिभीषण त्या दिवशी मोटारीचं बेअरिंग बदलत होता. त्यानं बघितलं नाही.

काकासाहेबांनी बघितलं. या पानाखाली त्यांनी योग्य आहे असं लिहिलं नाही. बोटानं वरच्या आळीची ओळ धरली अन् उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवली. वहीत कोणी काही हलवलं, की खाली त्याचं नाव उमटतं. "काकासाहेबांनी बदल केला." गहिनीनाथानं ते फडात वाचलं अन् ओळ परत होती तिथं आणली. "गहिनीनाथने बदल केला." मग दिवसभर तेच. काठी वर, काठी खाली. मळेकऱ्यांना वाटलं आपणच का मागं, त्यांनीही हात घातला. रंगुबाईनं खाली लिहिलं, "कामधंदे न्हाईत का तुमाला," अन् लिहिता लिहिता वेशीची आळी दोन घरं वर सरकवली.

बिभीषणानं बेअरिंग बसवून हात पुसले अन् पिशवी उघडली. आजपर्यंत जे कोणी कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलेलं होतं, अन् चौघं त्याला ओढत होते.

संध्याकाळी तो वरच्या आळीत गेला. काकासाहेब ओट्यावर बसलेले, मोबाईल मांडीवर.

"काकासाहेब, ते पोरीनं कामासाठी केलंय. मानाचं न्हाई ते."

"तसं लिवलंय का कुठं?"

"लिवलं न्हाई. पर मी सांगतो की. औंदा तुमी म्होरं."

"तुझं तोंडचं लई वर्सं ऐकलं, बिभीषण. तुझ्या बापाचंबी ऐकलं. आता लिवलेलं दाव."

"लिवलेल्याला काय, उंद्या कुनीबी हलवंल."

"मंग हलवू नगं म्हन त्यास्नी. न्हाईतर वरची आळी आपली काठी आपल्या इथंच उभी करंल. भैरोबा काय, कुठूनबी दिसतो. मांडवाला इसार द्यायला मानूस धाडतो मी सकाळी."

काकासाहेब हे रागानं बोलले नाहीत. चहाला सांगावं तसं बोलले. त्यामुळंच बिभीषण जास्त घाबरला. दोन मांडव, दोन भोंगे त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागले. घरी येऊन त्यानं केडगावला फोन लावला. त्याचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

धनश्री रडकुंडीला आली. "मामा, मी ते पानच काढून टाकते."

"काढू नगं. काढलं तर चौघंबी म्हनतील, आमचं नाव होतं ते खोडलं."

"मग ओळी मिटवून नुसतं लिहू का, सगळे समान?"

"सगळे समान म्हंजी कुनीच पयला न्हाई. त्याच्यापरास भांडन बरं." केशरबाई दारातून ऐकत होती. मग त्यानं इचारलं, "पोरी, तुज्या त्या हापिसात सगळ्यास्नी एकच पान एकसारखंच दिसतं का?"

"न्हाई. साहेबाला वेगळं मांडून दिसतं, आम्हाला वेगळं. माहिती एकच असते, पण ज्याला जसं पाहिजे तसं लावून देता येतं."

"मंग काठीचं पान चौघास्नी चार तऱ्हंनी लावून दे."

"म्हणजे?"

"काकासाहेब उघडंल तवा वरची आळी वर. गहिनीनाथ उघडंल तवा खालची आळी वर. रंगुबाईला तिची, मळ्याला मळ्याची."

पलीकडून धनश्री हळूच म्हणाली, "मामा, हे खोटं न्हाई का?"

"खोटं कसं? वाजंत्री तीच, फडकी तीच, वाटा त्याच. एक अक्षर बदलायचं न्हाई. मी सुपारी घिऊन जातो तवा ज्याच्या दारात जातो त्याचंच नाव आधी घेतो का न्हाई? तसंच वहीनं करायचं."

केशरबाई दारातूनच म्हणाली, "आन् ते वडावडीला काय तरी खुट्टी मार म्हनावं."

"कुलूप लावता येतं, आत्या," धनश्री म्हणाली. तिचा आवाज आता जरा सैल झाला होता.

सकाळी मांडवाला इसार द्यायला माणूस जायच्या आधी काकासाहेबांनी वही उघडली. वरची आळी वर. बोटानं हलवून बघितली, हलेना. त्यांनी बिभीषणाला फोन केला. "गहिनीनाथाला शेवटी आक्कल आली वाटतं."

"व्हय," बिभीषण म्हणाला.

थोड्या वेळानं फडातून गहिनीनाथाचा फोन. "काय बिभीषणदादा, म्हातारा वरमला का?"

"व्हय," बिभीषण म्हणाला, अन् आवाज ऐकू जाऊ नये म्हणून गिरणीचं बटण दाबलं. डबा एकही नव्हता. रिकामीच फिरली.

पुढं जत्रा जवळ आली, कोयते घरी परतले, गहिनीनाथाचा ट्रॅक्टर गावात धुरळा उडवत आला. तोपर्यंत बरं चाललं होतं. पण दूर असलेली माणसं जवळ आली, की मोबाईलही जवळ येतात. पारावर कमिटीची बैठक भरली तेव्हा गहिनीनाथ हसत हसत म्हणाला, "काकासाहेब, मोठ्या मनानं आमाला म्होरं केलं, लई झालं."

"कुनी केलं तुला म्होरं?"

"लिवलंय की."

"लिवलंय तर आमचं. दाव."

गहिनीनाथानं मोबाईल काढून पाराच्या दगडावर ठेवला. काकासाहेबांनी आपला त्याच्या शेजारी ठेवला. मळेकऱ्यांनी वाकून बघितलं अन् आपला काढला. रंगुबाईनं पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांना लावला अन् आपलाही मांडला. चार मोबाईल ओळीनं. चारींवर काठीचंच पान, अन् प्रत्येकावर वेगळंच नाव वर. बिभीषण पाराच्या कडेला उभा होता. भुवयांवरचं पीठ घामानं ओलं होऊन त्याची कणीक झाली होती. इतकी वर्षं त्याच्या घरानं जे चार दारांत वेगवेगळं सांगितलं, ते आज एका दगडावर शेजारी शेजारी पडलं होतं. आता एकानं इचारलं, की संपलं.

"बिभीषण," काकासाहेब म्हणाले. "ह्ये काय हाय?"

"काठीचं पान हाय."

"ते दिसतंय. चार कशापायी?"

"पान येकच हाय, काकासाहेब. बगा की, वाजंत्रीवाला चौघांत त्योच हाय."

"आन् वरचं नाव?"

तेवढ्यात रंगुबाईनं चष्मा काढला अन् काकासाहेबांकडं बघितलं.

"इचारा की. यातलं खरं कोनतं, इचारा त्याला. म्होरं सगळे बसल्यात, आत्ताच उत्तर दिऊन टाकंल त्यो. फकस्त जे यील ते ऐकून घ्यायची तयारी ठिवा. मी ठिवली हाय. तुमी ठिवली का?"

काकासाहेबांनी गहिनीनाथाकडं बघितलं. गहिनीनाथानं मळेकऱ्यांकडं. चौघांपैकी प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच हिशेब दिसत होता: इचारलं, तर तिघांचं नाव खाली जाणार, अन् त्या तिघांत आपण नसू याची खात्री कोणालाच नव्हती. काकासाहेबांनी आपला मोबाईल उचलला, काच धोतराला पुसली, परत एकदा नीट वाचलं.

"मला काय इचारायचंय?" ते म्हणाले. "माझ्यात लिवलंय ते मला वाचता येतं."

"माझ्यातबी," गहिनीनाथ म्हणाला अन् त्यानंही उचलला.

"मंग हगाम्याचं बोला," रंगुबाई म्हणाली. "पैलवानास्नी आंडी कोन देनार हाय?"

बैठक उठली तेव्हा काकासाहेब मागं रेंगाळले. बिभीषणाच्या खांद्यावरचं पीठ उगाच झटकत म्हणाले, "तुझ्या सुनंला म्हनावं पोरगी हुशार हाय. निस्तं ते ‘बदल केला’ म्हनून खाली नाव उमटतं, तेवढं बंद व्हतं का बग. मानसाची बेअब्रू हुती."

जत्रा झाली. एकच झाली, एका मांडवात, न फाटलेल्या ताडपत्रीखाली. चारी काठ्या चार वाटांनी आल्या. फडकी उन्हात झळकत होती, हलगीनं कानाचे पडदे हलत होते, गुलालानं देऊळ दिसेनासं झालेलं. काठ्या कळसाकडं वाकल्या नेमक्या त्या वेळी बिभीषणाच्या चपलेचा अंगठा निसटला. खाली बसून तो अंगठा बराच वेळ नीट करत राहिला. उठला तेव्हा चारी काठ्या कळसाला टेकलेल्या होत्या अन् चारी आळ्या नाचत होत्या.

धनश्री मात्र देवळासमोरच्या घराच्या माडीवर बायकांत उभी होती. तिथं गुलाल पोचत नव्हता. ती धावतच खाली आली, गाल लाल, श्वास फुललेला.

"मामा, मी बघितलं. एकदम स्पष्ट दिसलं. सगळ्यात आधी टेकली ती..."

बिभीषणानं शेरणीच्या पाटीत हात घातला अन् गूळ-खोबऱ्याची मूठ भरून तिच्यापुढं धरली. "आधी शेरनी खा, पोरी. तोंड रिकामं ठिवू नगं देवाच्या दारात."

दोन हातांवर काकासाहेब उभे होते, कान इकडंच. त्यांच्या शेजारी गहिनीनाथ, त्याचाही कान इकडंच. धनश्रीनं दोघांकडं बघितलं, मामांकडं बघितलं. मग ती हसली अन् सगळी मूठ एकदम तोंडात कोंबली. गाल दोन्ही बाजूंनी फुगले. काकासाहेब कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडं बघत थांबले, पण खोबरं चांगलं चिवट निघालं.

"चला," शेवटी ते गहिनीनाथाला म्हणाले, "कुस्त्या लागायच्या टायमाला बसायला जागा मिळत न्हाई."

दोघं बरोबरच आखाड्याकडं निघाले, अन् शेवटची कुस्ती कोणाच्या पैलवानानं मारायची यावर जाता जाताच वाद घालायला लागले. बिभीषणानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला कानात सांगितलं, "खा, खा. आजून घे."